उन्हाची वीज मला चालणार नाही

३ मार्च, सकाळ
आजपासून निश्चय. गच्चीवरच्या त्या काळ्या काचांची वीज वापरणार नाही म्हणजे नाही. सून काचा बसवणाऱ्या कंपनीत आहे, तो तिचा प्रश्न. आमचं घर कोळशाच्या खाणीवर उभं राहिलं. ह्यांनी सगळा जन्म तिथे काढला. मुलगाही तिथेच होता, पण खाण बंद पडली. आता म्हणतो, लांबच्या खाणीत काम मिळतंय, जातो. जातोस कसा, बघतेच! निवडणुकीत आमचा मिशीवाला आला की खाण उघडणार आणि मुलगा घरी राहणार. इतकं सोपं. उगाच लोक डोकं खाजवतात.

५ मार्च, दुपार
दिवसा पंखा बंद. दिवसाची वीज उन्हाची, रात्रीची तारेवरून येते ती कोळशाची. हे माझं मीच शोधलं, चौथी शिकून! सून म्हणाली, आई, घामाने भिजलात, विजेवर काय पक्षाचं नाव असतं? मी म्हटलं, तुला दिसत नाही, मला दिसतं. ती जाताना पंखा लावून गेली. मी लगेच उठले नाही, पण ते गुडघ्यामुळे.

९ मार्च
खाणीच्या फाटकापाशी मिशीवाल्याची सभा. पहिल्या रांगेत बसले. आपल्या जमिनीत कोळसा असताना बाहेरून का आणायचा, आपल्या पोरांना काम द्या, म्हणाला. टाळ्यांनी हात लाल. तेवढ्यात सून उठली (ही कधी आली?) आणि विचारलं, खाणीत माणसं किती घेणार आणि यंत्रं किती? मिशीवाला पाणी प्यायला. बराच वेळ प्यायला. उन्हात तहान लागणारच बिचाऱ्याला.

१४ मार्च
नात माझ्या बाजूला आली! म्हणाली, आजी, तू दिवसा टीव्ही बघणार नाहीस तर रिमोट मलाच ना? पक्की कार्यकर्ती. मुलालाही सांगितलं, निकालापर्यंत थांब. थांबतो म्हणाला. माझा शब्द मोडत नाही.

२२ मार्च, रात्र
सगळ्या गल्लीत अंधार, आमच्याच घरात उजेड. सुनेने बॅटरी बसवली आहे, दिवसाचं ऊन साठवून रात्री वापरतात म्हणे. कधी बसवली? म्हणे, झाला आठवडा. म्हणजे मी रात्री पंखा पाचवर ठेवून मालिका बघितल्या, त्या उन्हावर! न सांगता झालेलं धरायचं नाही. निश्चय कायम.

१० एप्रिल
मिशीवाला आला!! दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं. पोस्टमनला दोनदा. सुनेने माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. हरलेली माणसं फार गोड वागतात.

२ जून
खाण उघडली. फाटकाला फुलं. ही एवढाली यंत्रं आत गेली, माणसं मोजकीच. मुलगा सकाळपासून रांगेत होता, दुपारी परत आला. यंत्रावरची माणसं बाहेरून आणलीत म्हणे. मी म्हटलं, अरे, ही पहिली खेप, पुढच्या खेपेला घेतील. तो म्हणाला, आई, तुझ्या शब्दावर थांबलो होतो. माळ्यावरची बॅग खाली काढली.
माझी चूक नाही. यंत्रांची आहे.

९ जून
बॅग परत माळ्यावर! मुलगा सुनेच्या कंपनीत लागला. साहेब कोण, तर सून. आज आमच्याच गच्चीवर त्याला शिकवत होती, अहो, तो स्क्रू नाही, हा. शिडी डुगडुगत होती, म्हणून मी खालून दोन्ही हातांनी धरली. शेजारीण म्हणाली, काय आजी, पक्ष बदलला? मी म्हटलं, मुलगा पडू नये म्हणून धरलीये, ह्याला पाठिंबा समजू नये.
खाली आला तेव्हा घामाघूम होता. भर दुपारी पंखा लावला, त्याच्यासाठी. वारा माझ्याही अंगावर आला, त्याला मी काय करू?