सतरा मेचे बूट

प्रिय इंगेबोर्ग आत्या,

आज सतरा मे, आपला राष्ट्रीय दिन. तू शिवलेला आपल्या हालिंगदाल खोऱ्याचा पारंपरिक पोशाख घालून मी ऑस्लोत मिरवणूक बघायला गेले होते. आईसक्रीमच्या रांगेत मागच्या बाई माझ्याकडे बघून हसल्या आणि एकेक शब्द सुटा करत इंग्रजीत म्हणाल्या, “किती गोड! पर्यटकांना भाड्याने मिळतो का हा?”

माझं, दत्तक आलेल्या पोरीचं, कोरियन तोंड बघून लोकांना असलं काहीतरी सुचतंच. मी तुझ्याच ठसक्यात, आपल्या बोलीत म्हणाले, “भाड्याचा कसला हो काकू! माझ्या आत्यानं हिवाळाभर खपून शिवलाय.”

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. वाटलं, आता माफी मागत रडतील आणि मलाच त्यांची समजूत घालावी लागेल. पण त्यांची नजर माझ्या पायांकडे गेली.

“अगं बये! आपल्या खोऱ्यातली ना तू? मग या पोशाखावर पळायचे बूट? चांदीच्या बकलांचे कुठे गेले? लाज नाही वाटत?”

अख्खी रांग बघत होती. ‘नॉर्वेजियन किती छान बोलतेस’ असं कौतुक मी जन्मभर ऐकलंय, पण इतक्या हक्कानं कुणी झापलं नव्हतं. मान खाली घालून मी हसू दाबत होते.

“आत्याचं नाव काय तुझ्या? फोनच करते तिला!”

तुझी अब्रू मी जाऊ दिली नाही, आत्या. तुझ्या शेजारच्या बोर्गहिल्डबाईंचं नाव ठोकून दिलं.

बूट आणि ही थाप, दोन्ही तुला कळलं तर माझी खैर नाही, म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाहीये.

तुझीच,
गुनवोर