पहिला कडू घोट

सुक्रे, बोलिव्हिया

प्रिय बाबा,

मी ठणठणीत आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. पोतोसीच्या उंचीवर दोन दिवस डोकं फार दुखलं, पण तिथल्या घरमालकिणीने कोकाच्या पानांचा चहा पाजून उठवलं. सॅक नवीन घेतली. जुनीचं काय झालं ते घरी आल्यावर सांगेन. तुमचं येर्बा प्यायचं वाळक्या भोपळ्याचं भांडं हातातल्या पिशवीत होतं, म्हणून वाचलं.

काल त्यात पाल्यावर गरम पाणी ओतून पहिल्यांदाच मी स्वतः येर्बा केली. घरी तुम्ही कुणाला हात लावू देत नव्हतात ना! हॉस्टेलमध्ये आपल्या गावच्या, पायसांदूच्या नेलिदाबाई भेटल्यात, सत्तरीच्या, एकट्याच फिरताहेत. पहिलं भांडं मी मोठ्या मानाने त्यांनाच दिलं. नळीतून एक घोट घेतला आणि त्यांनी तोंड वाकडं केलं.

"अगं बये, पहिली येर्बा पाहुण्याला? सगळ्यात कडू तीच असते! करणाऱ्याने ती आपण प्यायची, मग त्याच पाल्यावर पुन्हा पाणी ओतून दुसऱ्याला द्यायचं. बापाने काही शिकवलं की नाही?"

हॉस्टेलमधले सगळे हसले. मीही हसले, आणि पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले.

बाबा, रोज सकाळी पहिलं भांडं तुम्ही प्यायचात आणि मी तुम्हाला हावरट म्हणायचे. इतक्या वर्षांत एकदा तरी सांगायचंत!

गुडघा कसा आहे? नुसतं "बरा" म्हणू नका. आणि भांडं मला दिलंत, मग तुम्ही आता कशात पिता?

मी आले की येर्बा मीच करणार. पहिली माझी. तेव्हा खुशाल हावरट म्हणा.

तुमची,
रोमिना