दोन टाक्या, एक भिंत

मद्रास, ४ मे १९६४
पंप सुरू झाला. ह्यांची योजना अखेर चालली. पाचही मजल्यांचं न्हाणीचं पाणी खाली वाळू-कोळशातून गाळून पुन्हा गच्चीवर, फक्त संडासांसाठी. पिण्याची टाकी वेगळी, तिला लागूनच. हे लहान मुलासारखे खूश. मी नुसती दमले.

७ मे
आत्या गच्चीवर पापड-वडम वाळत घालायला गेली नि टाक्या पाहून आली.
"मधें भिंत एकच गे. इकडलें तिकडे लागलेंच."
हे म्हणाले, पक्की सिमेंटची आहे.
"सिमेंटास मडी-सोवळें असतें काय? आज मोरीचें पाणी डोक्यावर चढविलेंस, उद्या मोरीत देव मांडशील."
हसू आलं. पण तिने नळाचं पाणी सोडलं ते सोडलंच.

१० मे
अंगणातल्या विहिरीवरून तिची घागर मीच आणते. मडीने, ओल्या लुगड्यात, जिन्यात कुणाला न शिवता. चौथा मजला.
लहानपणी कॉन्व्हेंटातून आले की मागच्या दारी हीच आत्या घागर घेऊन उभी. आधी डोक्यावर पाणी, मग घरात पाऊल, मग डोसा. शाळेत मात्र तिनेच घातलं, बाबांशी भांडून.

१६ मे
विहीर आटली. तळाशी चिखल. आत्या शहाळ्यावर आहे, तेही घोटभर. डॉक्टर म्हणाले, ह्या वयात असं चालणार नाही.
"मला तंजावरास पोंचव. कावेरी आहे."
ह्या दिवसांत कावेरीत वाळूच. तिलाही ठाऊक आहे. आणि एवढा प्रवास तिला झेपेल?
ह्यांना म्हटलं, थोडे दिवस पंप बंद ठेवा. हे म्हणाले, "विहीर आटणार म्हणूनच तर केलं ना सगळं?"
दोघंही खरंच बोलतात. मी कुणाला...

१८ मे
ग्रहणात पाण्यात दर्भ घातला की ते विटाळत नाही. तिनेच शिकवलेलं. भटजींकडून दर्भ आणला. तिच्यासमोरच नळाचं पाणी तांब्यात भरलं, वर दर्भ ठेवला.
बघत राहिली. "हें ग्रहण सुटायचें कधीं गे?"
"ठाऊक नाही, आत्या."
भिंतीकडे तोंड करून निजली.

१९ मे
सकाळी पाहिलं. दर्भ नीट बाजूला काढून ठेवलेला. तांब्यात पाणी कमी. गॅलरीतल्या तुळशीची माती ओली.
विटाळलेलं पाणी ती तुळशीला घालायची नाही. पण स्वतः प्यायली का?
विचारलं नाही. तांब्या पुन्हा भरून ठेवला.