आईनं उचलून पाहिलेला लॅपटॉप

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
रविवार, दुपार

सौ. दीपमाला हिला सोमनाथदादाचा अनेक आशीर्वाद,

इथं आम्ही सगळे खुशाल आहोत, आणि तिकडं पुण्यात तुम्हीही असाल असं धरून पुढं लिहितो. दाजींना नमस्कार सांग. त्यांच्या गुडघ्याचं काय झालं? (मागं तू म्हणाली होतीस की डॉक्टरांनी जिने चढू नका सांगितलं आणि त्याच दिवशी तुमची लिफ्ट बंद पडली. ते ऐकून मला हसू आलं होतं, हे त्यांना सांगू नकोस.) फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोन लावला की आई शेजारी येऊन बसते, आणि सांगायचं ते सोडून मी हवापाण्यावर बोलत राहतो. म्हणून श्रेयाच्या नव्या लॅपटॉपवर एकेक अक्षर शोधत हे टाइप करतोय.

श्रेया बी.सी.ए. झाली हे तुला माहीत आहेच. आता तिला पुण्यातल्या एका कंपनीनं सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला बोलावलंय; काम जमलं तर पुढं नोकरी. अट एकच, लॅपटॉप स्वतःचा आणायचा. घरात सगळ्यांना आनंद झाला, फक्त आईनं तोंड फिरवलं. "पुन्याला कशाला? काम्पुटरवरचंच काम हाय ना? मंग इथंच खाटंवर बसून कर," हा तिचा मुद्दा, आणि त्या दिवसापासून तिनं तो सोडलेला नाही. मी म्हटलं, आधी लॅपटॉप तर घेऊ, पुण्याचं पुढं बघू. (घरातले अवघड प्रश्न मी असेच सोडवतो. तुझी वहिनी याला पळपुटेपणा म्हणते.)

मग मी अभ्यासाला लागलो. ऑफिसातले मोतीराम म्हणाले, रॅम बघा, बाकी सगळा दिखावा. खालच्या मजल्यावरचे शेजारी म्हणाले, रॅमचं काही नाही, प्रोसेसर बघा. तुझी वहिनी म्हणाली, बॅटरी बघा, कारण आपल्याकडं लाइट कधी जाईल याचा नेम नाही. श्रेयाला स्क्रीन चांगली हवी होती आणि वजन कमी. मी या सगळ्यांचं म्हणणं एकत्र करून लॅपटॉपच्या दुकानातल्या राजकुमारपुढं ठेवलं आणि सगळ्यात शेवटी, आवाज जरा खाली आणून, आपलं बजेट सांगितलं. माणूस भला. हसला नाही. पाणी दिलं आणि म्हणाला, "काका, इस बजेट में एक गोष्ट मनासारखी मिळते, दुसरीला समजून घ्यावं लागतं, आणि तिसरीचं नाव काढायचं नाही." माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे इतक्या नेटकेपणानं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

आई सोबत होतीच. फ्रिज, कूलर, कपाट, तिचा हात लागल्याशिवाय आपल्या घरात काहीच आलेलं नाही, हे तू जाणतेस. राजकुमारनं एक चकचकीत, चपटा लॅपटॉप काढला आणि श्रेयाचा जीव तिथंच त्याच्यावर बसला. आईनं तो एका हातानं उचलला, तळव्यावर तोलला, पालथा केला आणि पातेल्याचा तळ बघतात तसा बोटाच्या पेरानं वाजवून पाहिला. यात दूध करपेल, असं ती बोलली नाही, पण चेहरा तोच होता. मग तिनं ओळीनं सगळे लॅपटॉप उचलले. गिऱ्हाइकं आपापली खरेदी सोडून आमच्याभोवती जमली. एका बाईनं तर आपल्या हातातला लॅपटॉप आईपुढं केला, आमचाही जरा बघून द्या म्हणून. शेवटी अगदी खालच्या फळीवरचा एक जाडजूड काळा गडी आईनं दोन्ही हातांनी वर घेतला आणि तिच्या तोंडून "हां" असा सूर निघाला. राजकुमार म्हणाला, "आज्जी, वजन का क्या करना है? लॅपटॉप हलका तेवढा चांगला." आई म्हणाली, "तू नको सांगू. मी लई वर्सांपासून भांडे घेते."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात श्रेयानंच "चालेल आज्जी" म्हणून टाकलं. (राजकुमारला बाजूला घेऊन तिनं सगळं विचारून घेतलं होतं. त्याचा प्रोसेसर त्या चपट्यापेक्षा सरस होता. बॅटरी आणि स्क्रीन यांचं मात्र नाव काढायचं नव्हतं.)

समजून घेणं म्हणजे काय, ते घरी आल्यावर कळलं. बॅटरी सिनेमाच्या मध्यंतरापर्यंत टिकते. स्क्रीनसमोर बसलं तर झकास दिसतं, जरा बाजूला सरकलं की माणसं काळीनिळी पडतात. आई कायम बाजूलाच बसते. त्यामुळं तुझा व्हिडिओ कॉल आला होता ना, तेव्हापासून ती मला विचारत होती, दीपी अशी काळवंडली कशानं, जावई काही बोलतात का. आणि वजन! श्रेया तो पाठीवर टाकून उस्मानपुऱ्यातल्या क्लासला जाते. जाताना सरळ असते, येताना कललेली. रोज आई दारात उभी राहून विचारते, "जड व्हतंय का गं?" आणि श्रेया म्हणते, "नाही आज्जी." आईला केवढी काळजी, असं मला वाटत राहिलं.

मधे तो अडायला लागला. ट्रेनिंगसाठी लागणारं सॉफ्टवेअर टाकलं की बसकणच मारायचा. माझा धीर सुटला. म्हटलं, गेलं पोरीचं पुणं. तसाच उचलून राजकुमारकडं नेला. त्यानं पाठीमागचे स्क्रू काढले, रॅमची अजून एक पट्टी बसवली, आणि गडी पळायला लागला! तो म्हणाला, त्या चपट्याची रॅम आतच पक्की केलेली असते, ती वाढवता येत नाही. या जाड्याला जागा होती म्हणून जमलं. हे आईच्या कानावर गेलं, आणि आता कॉलनीत कुणी मिक्सर घेतला तरी आधी आईला उचलायला बोलावतात.

दीपा, थट्टा राहू दे. स्क्रीनवर श्रेयानं केलेलं काहीतरी हलायला लागलं की पोरगी एकटीच टाळ्या वाजवते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण हिचं चांगलं होणार, असं मला मनापासून वाटतं. आई हो म्हणाली पाहिजे, एवढंच.

तुझ्या वहिनीनं लसणाची चटणी करून ठेवलीय, कुणी पुण्याला निघालं की देतो.

तुझा,
सोमनाथदादा

ता.क. मुख्य गोष्ट राहिलीच. श्रेयाला सहा महिने तुझ्याकडं ठेवून घेशील का? हॉस्टेल म्हटलं तर आई ऐकणारच नाही, आत्याचं घर म्हटलं तर निदान चिडायच्या आधी ऐकून तरी घेईल. तुमच्याकडं दोनच खोल्या आहेत आणि दाजींना शांतता लागते, हे ठाऊक आहे. आईला यातलं अक्षर कळू दिलेलं नाही. तुझा होकार आला की हळूच विषय काढतो.

आणखी ता.क. (आत्या, हे मी श्रेया टाइप करतेय. बाबा पत्र उघडं ठेवून झोपले, आणि आज्जीनं मला ते सगळं वाचून दाखवायला लावलं. पुढचं ती सांगतेय तसंच.)

दीपे, तुझ्या दादाला वाटतं, मायला काय कळत नाय. ते जड मशीन मी जानूनबुजून घ्यायला लावलं. म्हनलं, वझं असलं म्हंजी पोरगी ते लांब न्यायची नाय, घरातच ऱ्हाईल. पन ती रोज उचलती. खांद्याला वळ पडलेला मी बघितला, अन् तोंडानं म्हनती, नाय आज्जी. तुला मी नर्सिंगला जाऊ दिलं नव्हतं. तू लई रडलीस अन् गप बसलीस. ही रडत बी नाय अन् बसत बी नाय. हिला आता वझ्यानं धरता यायचं नाय. तवा येऊ दे तिला तुझ्याकडं. पन मी बी संगं येते. लेकीच्या घरी माय ऱ्हात नसती म्हनून आजवर दोन रोजाच्या वर मी तुझ्याकडं थांबले नाय. आता लोकांला सांगू, नातीसाठी आलीय. जागेचं बघू, मी कोपऱ्यात मावते. काय ते सोमनाथला कळव. मला मातर नाय म्हनू नको. मी तुला एकदा नाय म्हनले, तेवढं लई झालं.