तड्यावरची काच

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. देव नको म्हणणाऱ्याला देवाचं घर बरं चालतं, असा टोमणा तू मारला आहेस. पिपाणीने तो मला दोनदा वाचून दाखवला. तुझी भाची हल्ली तुझ्याच बाजूने असते.

खरं सांगतो, देवाचं आणि माझं अजून जमलेलं नाही, जमेल असंही दिसत नाही. पण तू एकदा या कॅथीड्रलमध्ये पाऊल टाकून बघ. मान आपोआप वर जाते. जमिनीतून निघालेले खांब वर जाता जाता फाकतात, त्यांच्या फासळ्या होतात आणि त्या फासळ्या छतात टोकदार कमानींनी एकमेकींना भेटतात. छताचं ओझं त्यांच्यावरून खाली उतरतं. बाजूला जो रेटा बसतो तो बाहेरच्या अर्ध्या कमानी खांदा देऊन अडवतात. मग भिंतींना काही कामच उरत नाही, म्हणून त्यांनी भिंतींच्या जागी रंगीत काच बसवली. सकाळी दक्षिणेच्या खिडकीतून निळा उजेड फरशीवर उतरतो तेव्हा मी हातातलं काम ठेवून नुसता उभा राहतो.

आणि हे बांधणाऱ्यांकडे आम्हा इंजिनिअरांची गणितं नव्हती. दोरी, ओळंबा आणि नजर, एवढंच. ज्या गवंड्याने पाया घातला त्याच्या पणतूलासुद्धा छत बघायला मिळालं नाही. आपल्या हयातीत पुरं होणार नाही हे माहीत असून माणसं रोज सकाळी छिन्नी घेऊन कामावर येत होती. तू याला श्रद्धा म्हणशील. मी काम म्हणतो, पण देवळात बोलावं तसं हळू म्हणतो. मधलं छत फार पूर्वी एकदा कोसळलं होतं. त्यांनी ते पुन्हा बांधलं, आणि पहिल्यापेक्षा उंच बांधलं. हट्ट बघ.

सुट्टीच्या दिवशी मी पायऱ्यांवर उभा राहतो आणि दिसेल त्याची बाही धरून त्याला आत नेतो. दाराशी मेणबत्त्या विकणाऱ्या आजी आहेत. जन्म तिथे गेला, पण त्यांनी वर कधी पाहिलंच नव्हतं. मी त्यांना सगळं समजावलं, शतकानुशतकं उभं आहे, आणखी तितकंच उभं राहील म्हणालो. तेव्हापासून त्या मला पाद्रीबुवा म्हणतात.

माझं काम आता वाढलं आहे. बुरुजात नवी घंटा बसवणार आहेत, जुनीपेक्षा बरीच जड. इमारतीला ती झेपेल की नाही हे कॅथीड्रलच्या समितीला मी सांगायचं. उत्तरेकडच्या खांबावर, मधल्या छताजवळ, एक जुना तडा आहे. त्याच्यावर आम्ही काचेच्या पातळ पट्ट्या आडव्या चिकटवतो, दोन्ही टोकांना प्लास्टर. तडा जरा जरी हलला तरी काच मोडते. दगड खोटं बोलू शकतो, काच नाही. रखवालदारकाका माझा काचपट्ट्यांचा डबा घेऊन वरच्या सज्जापर्यंत चढतात. फार देवभोळा आणि फार चांगला माणूस. पट्टी कशी लावायची तेही शिकले आहेत.

पिपाणीला इथल्या गायकवृंदात घेतलं. घंटेच्या समारंभात ती एकटीने एक कडवं गाणार आहे. तिची आई असती तर गावभर सांगत फिरली असती. सध्या ते खातं माझ्याकडे आहे.

तुझा लोभ आहेच, त्याला फक्त टोमण्यांची धार थोडी कमी असू दे.

तुझा
धाकटा


१५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून बरं वाटलं, आणि नाहीही. लहानपणी तू पत्त्यांचा बंगला बांधायचास आणि आम्हा सगळ्यांना श्वास रोखून बसायला लावायचास. मला शिंक आली म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतास. तो बंगला आता दगडाचा झाला, एवढाच फरक दिसतो.

पिपाणी गाणार हे वाचून डोळे भरून आले. तिला सांग, गळ्याला मफलर आणि रात्री गरम पाण्याच्या गुळण्या. मेट्रनकी सुटली तरी हुकूम सोडायची सवय सुटत नाही.

पण एक विचारते. छत एकदा कोसळलं होतं, हे तू लिहिलंस. पोर त्या वृंदात गाणार आहे, हेही लिहिलंस. ती उभी कुठे राहते ते मात्र लिहिलं नाहीस. कळव. उगीच मनात पाल चुकचुकली.

माझे गुडघे जसे होते तसेच आहेत. काळजी करू नकोस, ते खातं मी कोणाला देणार नाही.

आशीर्वाद पाठवते आहे, ते नास्तिकालाही लागू पडतात.

ताई


२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा प्रश्न मी टाळणार नाही. वृंद मधल्या छताखालीच उभा राहतो. आवाज तिथेच सर्वांत सुंदर घुमतो, बांधणाऱ्यांनी ती जागा त्यासाठीच ठेवली.

गेल्या आठवड्यात घंटा चढवली आणि थोडी वाजवून पाहिली. मी तेव्हा वरच्या सज्जात होतो. आवाज कानात येण्याआधी पायात आला. दुसऱ्या दिवशी दोन पट्ट्या मोडलेल्या सापडल्या. समितीचे अध्यक्ष म्हणाले, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, थंडीनेही काच तडकते. तडकते, हे खरं आहे. म्हणून मी नव्या पट्ट्या लावल्या आणि सांगितलं की आणखी तीन आठवडे घंटा रोज वाजवा. या मोडल्या तर समारंभ नाही. समारंभ नाही एवढंच नव्हे, कॅथीड्रलच बंद करावं लागेल, कदाचित माझ्या हयातीत उघडणार नाही असं.

हे मी सज्जातून उतरताना रखवालदारकाकांनाही बोललो. माझ्याच हाताने कुलूप घालावं लागणार म्हणालो आणि डोळे पुसायला लागलो. त्यांनी मला पायरीवर बसवून पाणी आणून दिलं. मी नास्तिक आहे हे त्यांना ठाऊक आहे, तरी माझ्यासाठी प्रार्थना करतो म्हणाले. मी नको म्हटलं नाही.

वर धूळ फार झाली आहे. कठड्यावर बोट फिरवलं तर रेघ उठते. पिपाणी म्हणते, गाण्याच्या वहीवर बारीक रेती पडलेली असते, पान उलटण्याआधी फुंकर मारावी लागते. तालमीत मुलींचा त्यावरून खेळच झाला आहे, कोणाच्या पानावर जास्त पडली ते बघायचा. मला तो खेळ आवडत नाही.

जेवण जात नाही. हे तुला लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

लोभ आहे म्हणूनच एवढं लिहवतं, तो तसाच राहू दे.

धाकटा


२१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई, पट्ट्या शाबूत आहेत. सगळ्या.

आज मुदत संपली. वर चढलो. रखवालदारकाका कंदील घेऊन पुढे होते. त्यांनी उजेड धरला आणि काच आरशासारखी चमकली, कुठे केसाएवढीही चीर नाही. मी तिथेच खाली बसलो आणि हसत सुटलो. काकाही हसले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना मिठी मारली.

संध्याकाळी समितीला लिहून दिलं, घंटेला हरकत नाही. दोन एप्रिलला समारंभ. सही करताना मनात आलं, त्या जुन्या गवंड्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. एवढी शतकं जे तोलून धरलं ते एका घंटेने कशाला डगमगेल? मला भीती वाटली याचीच आता लाज वाटते.

आज पोटभर जेवलो. पिपाणी घरभर गात फिरते आहे, घरमालकीणबाईंनी वरून काठी आपटली तरी थांबत नाही. ती गाईल तेव्हा मी पहिल्या रांगेत असेन, तुझ्या वाटणीचंही ऐकेन.

असाच लोभ ठेव, आता निश्चिंत मनाने.

तुझा
धाकटा


२७ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद नेहमीचेच. हे पत्र जलद टपालाने पाठवते आहे. तुझ्या घरमालकीणबाईंकडे दोनदा फोन लावला, कोणी उचलला नाही.

तू आनंदात आहेस आणि मी त्यावर विरजण घालणार आहे, तेव्हा आधी रागावून घे आणि मग वाच.

वरच्या सज्जात बोट फिरवलं तर रेघ उठते, हे तूच लिहिलंस. पोरीच्या वहीवर रेती पडते, हेही तूच लिहिलंस. तिथे तीन आठवडे राहिलेली काच आरशासारखी कशी चमकेल? माझ्या घरात खिडकी बंद असूनही चष्म्यावर दोन दिवसांत थर बसतो.

माझं आयुष्य वॉर्डात गेलं. तिथे वाईट हेतूने खोटं बोलणारे मी थोडे पाहिले, प्रेमापोटी बोलणारे फार. एक बाई होती. नवऱ्याचा ताप उतरत नव्हता आणि आकडा बघितला की तो खचायचा. म्हणून आम्ही पाठ फिरवली की ती थर्मामीटर झटकून ठेवायची. दोन दिवस तो माणूस आम्हाला बरा होताना दिसत होता. पुढचं सांगत नाही.

तुझा डबा कोण उचलतं, पट्टी लावायला कोण शिकलं आणि तुला रडवेलं कोणी पाहिलं, हे तूच मला लिहिलं आहेस. त्या म्हाताऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्या जागी असते तर मीही कदाचित तेच केलं असतं. तुझ्यावर जीव आहे म्हणूनच हे लिहिते आहे.

तू ती काच पाहिलीस, तपासली नाहीस. देवावर नाही म्हणतोस, पण विश्वास ठेवायला तुलाही काहीतरी लागतंच रे. वर जा. प्लास्टर नखाने खरवडून बघ. आणि तोवर माझ्या पोरीला त्या छताखाली उभी करू नकोस.

लोभ मागत नाही आज. पोच तेवढी पाठव.

ताई


९ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पोच मी पाठवते आहे. बाबा लिहायला बसतात आणि कागद तसाच ठेवून उठतात.

तुझं पत्र समारंभाच्या दिवशीच सकाळी आलं. मी आधीच गेले होते, बाबा टाय बांधत होते. तसेच पळाले. आम्ही गायला सुरुवात केली तेव्हा ते जिना चढत असणार. माझं कडवं आलं. मी पहिली ओळ गायले आणि वरून बाबांचा आवाज आला, सगळ्यांनी बाहेर चला म्हणून. आत्या, त्या छतातून आवाज असा उतरतो की तो कुठून आला ते कळत नाही. पुष्कळ लोकांनी आधी हात जोडले. मग त्यांना सज्जात टाय लोंबणारा माणूस दिसला आणि कोणीतरी हसलं.

मी थांबले. वृंदाच्या सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या मुलीला खूण केली. तिने कडवं पुरं केलं. कोणी हललं नाही. मग घंटा वाजली, बराच वेळ, आणि काहीही पडलं नाही.

तेच सगळ्यांत वाईट झालं, असं बाबा म्हणतात.

तुझं खरं होतं. प्लास्टर नखाखाली लोण्यासारखं निघालं, म्हणजे ते ताजंच लावलेलं होतं. रखवालदारकाकांनी घरी येऊन सगळं सांगितलं. पट्ट्या दर दोन दिवसांनी मोडत होत्या आणि बाबांच्या आधी वर जाऊन काका त्या बदलत होते. बाबांचं उतरलेलं तोंड त्यांना बघवत नव्हतं आणि बाकीचं देव सांभाळेल अशी त्यांची खात्री होती. ते रडत होते. बाबांनी त्यांना चहा दिला, एक शब्द वाकडा बोलले नाहीत. ते गेल्यावर मात्र म्हणाले, त्यांनी निदान देवावर भिस्त ठेवली, मी कशावर ठेवली होती?

काकांनी समितीपुढेही हेच सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, म्हातारपणी माणसाला काहीही आठवतं. एवढी गर्दी, एवढी मोठी घंटा, आणि वाळूचा कणही हलला नाही, याहून मोठी परीक्षा कोणती? त्यांच्याकडे बाबांच्याच सहीचा कागद आहे. बाबांना कामावरून मोकळं केलं आणि वरच्या जिन्याला कुलूप घातलं. बाबा नगरपालिकेत दोनदा जाऊन आले, त्यांनी अर्ज ठेवून घेतला आहे.

त्यानंतर मी माझी वही आणायला आत गेले. आमच्या बसण्याच्या जागेमागे खांबावर एक बारीक रेघ दिसली. आधी ती तिथे नव्हती, मी रोज त्या खांबाला टेकत होते. घरून काचेची पट्टी नेली आणि बाबांनी सांगितली तशी लावली. दुसऱ्या दिवशी तिचे दोन तुकडे झाले होते. मी ते वृंदातल्या सगळ्यांना दाखवले. दोघींच्या घरच्यांनी त्यांना थांबवलं. बाकीच्या म्हणतात, माझं कडवं गेलं म्हणून मी असं बोलते.

मी गाणं सोडलं. बाबांनी सांगितलं म्हणून नाही. तिथे उभं राहिल्यावर आवाज जसा वर जातो तसा आणखी कुठेच जात नाही, आणि मला तो हवा आहे, फार हवा आहे. म्हणूनच सोडलं.

आता बाबा रोज सकाळी त्याच पायऱ्यांवर उभे असतात. पूर्वीसारखीच लोकांची बाही धरतात, पण आत नेत नाहीत, अडवतात. लोक हसण्यावारी नेतात. काल त्यांनी मेणबत्तीवाल्या आजींना अडवलं. त्या थांबल्या, त्यांनी बाबांचा हात थोपटला. म्हणाल्या, पाद्रीबुवा, तुम्हीच तर मला आत नेऊन दाखवलंत हे किती भक्कम आहे ते, माझा तुमच्या शब्दावर विश्वास आहे. आणि बाही सोडवून घेऊन त्या आत गेल्या. मी बाबांजवळ उभी होते. मग घंटा वाजायला लागली.

आत्या, गुडघ्यांना जमलं तर तू ये. तू सांगितलंस तर लोक कदाचित ऐकतील.

लोभ असू दे, आणि जमेल तितक्या लवकर असू दे.

तुझी
पिपाणी