मागच्या दाराची सवय

हॅलिफॅक्स,
मंगळवार, दुपारच्या चहाआधी

तीर्थस्वरूप एनिडताईस,

तुझ्या धाकट्या क्लिफचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. (डावा आता टेकत नाही, तेव्हा उजव्याचाच खरा धर.) तुझा खोकला कसा आहे? समुद्राची हवा छातीला चांगली असं डॉक्टर लोक सांगतात, पण त्यातला एकही तिथे राहायला जात नाही. मांजर जेवतंय ना? मी उत्तम आहे. हे वाक्य चष्मा लावून वाच, कारण जिलियननं तुला फोन करून भलतंच काही सांगितलं असणार. लेक माझीच, पण बापाचा विषय निघाला की राईचा पर्वत करते. बापानं केलं काय, तर गुरुवारी स्वतःच्या विकलेल्या घरी जाऊन आला. बस्स! तेवढ्यावरून येत्या सोमवारी एक बाई माझं डोकं तपासायला येणार आहेत. नापास झालो तर इथून उचलून टेकडीवरच्या त्या दुसऱ्या इमारतीत नेतील, जिथली दारं फक्त तिथल्या नोकरमंडळींनाच उघडता येतात. एक्याऐंशीव्या वर्षी परीक्षा! आणि माझा परीक्षांचा लौकिक तुझ्याइतका कुणाला ठाऊक?

तर नीट सांगतो. घर विकून या म्हाताऱ्यांच्या घरांत भाड्यानं राहायला येऊन मला तीन महिने झाले. एक खोली, एक ओटा, आणि जिकडे पाहावं तिकडे लोंबणारी लाल दोरी. पडलो की ओढायची. रोज सकाळी नऊ वाजता भिंतीवरच्या डबीतून बर्नाडेटबाई (इथली देखरेख त्यांच्याकडे, मूळच्या आयर्लंडच्या, मन सोन्याचं, आवाज गिरणीच्या भोंग्याचा) विचारतात, "क्लिफर्ड, बरे आहात ना?" मी म्हणतो, "अजून आहे." मग त्या पुढच्या खोलीला विचारतात. पहिल्याच आठवड्यात माझ्या मॅव्हिसचा फोटो लावायला मी हातोडी काढली, तर बाई धावतच आल्या. खिळ्याला परवानगी लागते म्हणे! ताई, अठ्ठेचाळीस वर्षं सुतारकी केली मी, निम्म्या गावाचे जिने माझ्या हातचे. पण इथे मी भाडेकरू. केला अर्ज. नवव्या दिवशी एक गृहस्थ आले आणि चिकटणारा प्लॅस्टिकचा हूक लावून गेले. मॅव्हिस दर दोन-तीन दिवसांनी खाली येते. स्वतःच्या घरात मी भिंतींची चाळण केली होती, पण मला अडवायची कुणाची टाप नव्हती. (मॅव्हिसची होती. ती सोड.)

पण खरी अडचण खिळ्याची नाही, दाराची आहे, आणि ती तुलाच कळेल. जिलियनला सांगून पाहिलं, ती नुसती टकामका बघत राहिली. आपल्या गल्लीत पुढच्या दारानं कोण येत-जात होतं? डॉक्टर, पाद्री, नवी नवरी आणि शवपेटी. बाकी सगळं जग मागच्या दारानं, न ठोठावता, "आहे का चहा?" म्हणत आत. पुढच्या दाराची पायरी आई दर शुक्रवारी घासायची आणि तिच्यावर पाय ठेवला म्हणून तू मला बदडायचीस. माझ्या घराचं पुढचं दार मी स्वतः ओकचं केलं होतं. छप्पन वर्षांत ते किती वेळा उघडलं, बोटांवर मोजून सांगतो. मॅव्हिस त्यातून आत आली, आणि सहा वर्षांपूर्वी त्यातूनच बाहेर गेली. त्यानंतर मी त्याला हात लावला नाही. ते फुगून चौकटीत घट्ट बसलं, ते बसू दिलं.

आता इथे दार एकच. म्हणजे पुढचंच! पहिल्या दिवशी दूध आणायला त्यातून निघालो आणि उंबऱ्यावरच अडलो. वाटलं, आपल्याला बाहेर काढताहेत. दूध न आणताच परतलो. मग माझ्या लक्षात आलं की खोली तळमजल्यावर आहे आणि खिडकी ठेंगणी. आत खुर्ची, बाहेर उलटी घातलेली बादली, झालं मागचं दार! दोन आठवडे झकास चाललं. मग एका सकाळी समोरच्या मिसेस थ्रॉपना खिडकीतून आत जाणारे दोन पाय दिसले. चोर समजून बाईंनी लाल दोरी ओढली ती सोडेचनात. बर्नाडेटबाई आल्या, पोलीस आले, आणि मी अर्धा आत, अर्धा बाहेर, डाव्या गुडघ्यामुळे अडकलेला. मी शांतपणे म्हणालो, "मी इथेच राहतो." पोलीस म्हणाला, "मग दारानं का नाही जात, आजोबा?" यावर मी जे उत्तर दिलं ते बर्नाडेटबाईंनी वहीत टिपून घेतलं. ती वही परीक्षेच्या कामी येणार याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

आता गुरुवार. सोमवारच्या परीक्षेत हेच सांगणार आहे, तेव्हा तूही लक्षात ठेव. पाऊसपाण्याच्या दिवसांत मागच्या दाराची खालची बिजागरी अडकते. नव्या लोकांना ते सांगायचं राहून गेलं होतं. कामात हयगय मला खपत नाही. म्हणून बस पकडून गेलो आणि सवयीप्रमाणे न ठोठावता आत शिरलो. सवय ती सवय. बिजागरी बघता बघता किटलीत पाणी भरलं, एवढाच काय तो अपराध. नव्या घरमालकीणबाई, नाझिया, बाळाला कडेवर घेऊन आल्या. दुसरी असती तर किंचाळली असती. ही म्हणाली, "बसा काका, टोस्ट खाणार?" आमच्या गप्पा झाल्या. तिच्या माहेरीही सगळे मागच्या दारानंच येतात. नाझियानं फोन केला तशी जिलियन मला न्यायला गाडी घेऊन आली ती पुढच्या बाजूला, तर नाझियानंच माझं ओकचं दार एका हातानं, लोण्यातून सुरी फिरावी तसं उघडलं. त्यांनी ते रंधा मारून घेतलंय! काम बरं केलंय, खोटं कशाला बोलू. रोज बाबागाडी जाते म्हणे त्यातून. मी उंबऱ्यावर थांबलो. मग माझ्या स्वतःच्या पायांनी बाहेर पडलो आणि काही झालं नाही. जिलियन मात्र गाडीत सगळा वेळ रडत होती. तिला मी तीनदा बिजागरीचं समजावलं.

तर असं आहे. परवापासून इथल्या दारानंही जातो-येतो. बादली मिसेस थ्रॉपना देऊन टाकली, त्यांनी तिच्यात बटाटे लावलेत. माझी मुळीच काळजी करू नकोस. मांजराला माझा आशीर्वाद.

तुझा,
क्लिफ

ता. क. पुढच्या वेळी तुझा तो शहाजिरं घातलेला केक पाठव. इथला केक भिजवल्याशिवाय चाववत नाही.

आणखी एक ता. क. बिजागरी ठीक होती. घर विकण्याआधी मीच ती बदलली होती. ताई, मी किटली भरली आणि दोन कप काढले. कप आमचे नव्हते, तरी लक्षात आलं नाही. आणि घरातल्या बोळाकडे तोंड करून हाक मारली, "मॅव्हिस, दूध आणलंस का?" आतून उत्तर आलं, "हो, फ्रिजच्या दारात आहे." मी फ्रिज उघडला तर खरंच होतं. तेवढा वेळ सगळं जागच्या जागी होतं बघ. मग नाझिया दिसली, उत्तर तिनंच दिलं होतं. तिनं हे जिलियनला सांगितलं नाही. मीही कुणाला सांगितलेलं नाही. मला भीती वाटते.

शेवटचा ता. क. शुक्रवारी ये. इथे पाहुण्यांसाठी एक खोली असते, मी बर्नाडेटबाईंना सांगून ठेवली आहे. दोन दिवस राहा आणि मला नीट बघ. लहानपणी आपला कुत्रा मेला तेव्हा सगळ्यांनी मला तो शेतावर राहायला गेला म्हणून सांगितलं होतं. खरं तू एकटीनं सांगितलंस. माझं डोकं जात असेल तर जिलियनच्या आधी, त्या सोमवारच्या बाईंच्या आधी, तू मला सांग. बेल वाजव, दार मीच उघडेन. आणि उघडल्यावर मी मॅव्हिस कुठे आहे असं विचारलं, तर ती बाजारात गेलीय म्हणू नकोस.