सोमवारच्या ग्रामसभेपूर्वी

प्रिय ऐश्वर्या,

अनेक आशीर्वाद. तुझा फोन येतो तेव्हा मी "बरा आहे" एवढेच सांगतो आणि त्यापुढे काय बोलावे हे दोघांनाही सुचत नाही, म्हणून लिहायला बसलो. प्रकृती ठीक आहे. सूर्यास्तापूर्वी जेवतो. स्वयंपाकाच्या बाई आमटी कशी झाली विचारतात, मी चांगली झाली म्हणतो. चव लागत नाही असे नव्हे. तिकडे लक्ष जात नाही.

गावची बातमी अशी, की ग्रामपंचायतीने मळ्यांतल्या वस्त्यांना रीतसर पत्ते देण्याचे काम काढले आहे. प्रत्येक घराला क्रमांकाची पाटी आणि प्रत्येक रस्त्याला नाव. हे आवश्यकच होते. आपल्या रस्त्यावर आता नव्या यंत्रमागांच्या शेड झाल्या आहेत. सुताचे ट्रक येतात, बाहेरगावचे कामगार खोल्या घेऊन राहतात, कर्ज देताना बँक पत्ता मागते. "चौगुले मळा, ओढ्यापलीकडे" एवढ्यावर भागत नाही. कबनूरपासून इकडे चौगुल्यांचे मळे किती आहेत हे तू जाणतेसच. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात अजून नोकरीत असतो तर हा आराखडा मी स्वतः आवडीने केला असता.

आपल्या रस्त्याच्या नावावर मात्र चर्चाच झाली नाही. सरपंच बाळासो म्हणाले, "ह्यात इचारायचं काय? राजमतीकाकूंचंच नाव लावायचं की." तुझ्या आईच्या नावाला सर्वांनी माना डोलावल्या. कचऱ्याचा तो प्रकार झाला तेव्हा तू वसतिगृहात होतीस, त्यामुळे तो तू डोळ्यांनी पाहिलेला नाहीस. ओढ्याच्या पुलाशी सगळ्या वस्तीचा कचरा पडत असे. अर्ज झाले, पाहणी झाली, ढीग तसाच राहिला. मग तुझी आई रोज सकाळी त्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून भाजी निवडत बसू लागली. ती कुणाला अडवत नसे. पण तिच्यासमोर पिशवी फेकण्याचे धाडस कुणाला होईना. एकजण पिशवी पाठीमागे धरून म्हणाला, "काय न्हाय काकू, सहज फिरायला आलतो." ती म्हणाली, "मग पिशवीलाबी फिरवून घरी ने की." मला ते प्रशस्त वाटत नव्हते. अभियंत्याच्या पत्नीने उकिरड्याशी बसावे का, असे मी तिला विचारलेही. ती म्हणाली, "तुम्ही तुमचा नकाशा काढा, मी माझी मेथी निवडते." माझा नकाशा पूर्ण होण्याआधी पंचायतीने गायरानात कचऱ्याची शेड बांधली. आता ट्रॅक्टर दारोदार येतो, ओला आणि सुका कचरा वेगळा नेतो. त्या शेडचे खत आपल्याच उसाला पडते.

आपल्या गावची रीत तुला कदाचित ठाऊक नसेल. रस्त्याला किंवा शाळेच्या खोलीला माणसाचे नाव द्यायचे, तर घरच्या कुणीतरी ग्रामसभेत उभे राहून स्वतःच्या तोंडाने सांगावे लागते, की अमुक माणूस आता हयात नाही आणि त्याचे नाव देण्यास घरच्यांची संमती आहे. लेखी दिलेले चालत नाही. पूर्वी एका हयात पुढाऱ्याच्या नावाने कमान उभारली आणि तो पुढच्याच निवडणुकीत विरुद्ध बाजूला गेला. तेव्हापासून ही खबरदारी.

गेल्या सभेत मी त्यासाठीच उभा राहिलो होतो. रस्त्याची रुंदी, गटारीचा उतार, यंत्रमागांच्या शेडचे पाणी पावसाळ्यात ओढ्यात उतरू नये म्हणून काय करावे, हे सर्व मी मुद्देसूद मांडले. मग मी खाली बसलो. बाळासोंनी हळूच विचारले, "अण्णा, आणि काकूंचं?" मी म्हणालो, "उतार एकदा तपासून घ्यावा." कुणीही हसले नाही. "ऱ्हाऊ दे, म्होरच्या सभंत बघू," असे म्हणून त्यांनी पुढचा विषय घेतला. या सोमवारची सभा अखेरची आहे. त्यानंतर नावे तालुक्याला जातील, आणि आपला रस्ता नुसत्या क्रमांकाने नोंदला जाईल.

परवा कुरिअरचा एक नवा माणूस फाटकाशी आला. "पावणं, राजमतीकाकूंचं घर हेच न्हवं?" असे त्याने विचारले. मी "हो, हेच" म्हणालो. त्याने पुढे विचारले, "हायती का घरात?" मी म्हणालो, "आत आहेत." सही करून मी पुडके घेतले. तो गेल्यावरही मला त्यात काही चुकीचे बोलल्यासारखे वाटले नाही. ते मात्र मला योग्य वाटत नाही, म्हणून तुला कळवत आहे.

दवाखान्यातून नातेवाइकांना फोन तू केलेस. वर्तमानपत्रात निधनाची बातमी तुझ्या नवऱ्याने दिली. भेटायला आलेल्यांना सर्व आधीच ठाऊक असे. त्यामुळे ते वाक्य मी आजवर कुणापाशी उच्चारलेले नाही, हे माझ्या सभेत उभे राहिल्यावर ध्यानात आले. नाव द्यावे, माझी हरकत नाही. माझ्यापायी वस्तीचा पत्ता अडून राहणे बरोबर नव्हे. तेव्हा रजा मिळत असेल तर सोमवारी ये. मी तुझ्याशेजारी उभा राहीन. ते वाक्य आधी तू म्हण. जमल्यास तुझ्यामागून मीही म्हणेन.

तुझाच,
अण्णा